गवताचा डॉक्टर

संशोधनाचं एक बरं असतं. ज्या प्रयोगातून निष्कर्ष निघत नाही, त्यातून किस्सा हमखास निघतो. माझ्याकडे निष्कर्ष थोडे आहेत. किस्से इतके आहेत की आमच्या डिपार्टमेंटमध्ये नवीन कुणी रुजू झालं की पहिल्या चहालाच त्याला ते ऐकवले जातात, आणि ऐकवणारे मला शेजारी बसवून ऐकवतात. ‘सर, मी सांगू की तुम्ही सांगता?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता सुरू होतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सगळे सांगून टाकावेत. निदान माझ्या बनियनचा रंग तरी बरोबर सांगितला जाईल.

मी धुळ्यातल्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवतो. म्हणजे डॉक्टर आहे, पण पेशंट बघत नाही. माझ्यासमोर येतात ते एकतर फर्स्ट इयरचे विद्यार्थी किंवा टेबलावरचे देह, आणि दोघंही मला प्रश्न विचारत नाहीत. अशा सुखाच्या नोकरीत मला पीएचडी करायची बुद्धी झाली. विषय घेतला मज्जारज्जूचा. पाठीच्या कण्यातून जी नसांची जाड दोरी खाली जाते, तिचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद पडला तर तिच्यातल्या पेशी कशा वागतात, हे बघायचं. तिथं दोन तऱ्हेच्या पेशी असतात. चेतापेशी हुकूम पोचवतात, पाय हलवतात. आधारपेशी त्या चेतापेशींना खाऊपिऊ घालतात, त्यांचा कचरा उचलतात, त्यांना धरून ठेवतात.

माझ्या गाइड बोरसे मॅडम. कमी बोलतात आणि बोलल्या की जिव्हारी लागतं. दुसरा महाजन, फार्माकॉलॉजीचा, माझा मित्र. जळगावचा आहे. शनिवारी एसटीने घरी जातो आणि सोमवारी डबाभर भरीत आणि माझ्याबद्दल नवीन विनोद घेऊन परत येतो.

*

पहिला किस्सा सासुरवाडीचा.

माझी सासुरवाडी शिंदखेड्याजवळ. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. कापूस, मका, थोडी मिरची. पीएचडीला नाव घातल्यावर आम्ही तिकडे गेलो, तेव्हा आबांनी ओट्यावर चार शेजाऱ्यांसमोर विचारलं, “जवाई, तुम्ही नेमकं काय करतस?”

मी ठरवलं, यांना समजेल असं सांगायचं. म्हटलं, “आबा, समजा तुमच्या कापसाला ठिबकचं पाणी आहे. आणि ते बंद पडलं.”

“लाइट गयी,” आबा म्हणाले.

“हो. पाणी बंद. आता आधी कोण माना टाकेल? कापूस. त्याला पाणी जास्त लागतं, तो नाजूक. पण कापसाखाली जे गवत आहे, ते लगेच मरत नाही. ते तग धरतं. पाणी परत आलं की उलट जास्तच फोफावतं. तसंच पाठीत होतं. चेतापेशी म्हणजे कापूस. आधारपेशी म्हणजे गवत. कापूस गेल्यावर हे गवत काय करतं, कापसाला परत उठू देतं की त्याची जागा खातं, ते मी बघतो.”

मला माझंच कौतुक वाटलं. शेजारी माना हलवत होते. आबांनी तंबाखू मळून तोंडात टाकली, थोडा वेळ अंगणाकडे बघितलं आणि म्हणाले, “बठ्ठं समजनं. म्हंजे तुम्ही गवतना अभ्यास करतस.”

त्या दिवसापासून त्या गावात मी ‘गवतना डाक्टर’ आहे. मागच्या दिवाळीत एक गृहस्थ आले आणि मला शेतावर घेऊन गेले. त्यांच्या बांधावर हरळी फार माजली होती.

*

आमचा प्रयोग सशांवर होता. प्राणिप्रयोगांच्या समितीची रीतसर परवानगी, पूर्ण भूल, वेदना होऊ नये म्हणून औषधं, सगळं काटेकोर. पोट उघडून मूत्रपिंडांच्या खाली मुख्य रक्तवाहिनीला चिमटा लावायचा, काही वेळाने काढायचा. तेवढा वेळ मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त मिळत नाही. मग मागचे पाय लुळे पडतात, असं पुस्तकात लिहिलेलं.

माझा पहिला ससा शुद्धीवर आला आणि पिंजऱ्यात टुणकन उडी मारून लसूणघास खायला लागला.

मी मॅडमकडे गेलो. “मॅडम, चिमटा नीट बसला नाही. ससा उड्या मारतोय.”

मॅडमनी डोकं वर न काढता विचारलं, “मग?”

“मग प्रयोग फसला.”

“थांबा,” मॅडम म्हणाल्या.

थांबणं हा काही माझा गुण नाही. दुसऱ्या दिवशीही ससा टुणटुणीत होता. मी बायकोला सांगून टाकलं की पीएचडी आपल्या नशिबात नाही. महाजनने मला कॅन्टीनमध्ये नेऊन कटलेट खाऊ घातलं आणि माझ्या हातात सर्जरी नाही असं समजावलं. मला ते पटलं. मी विषय बदलण्याचा अर्ज मनातल्या मनात तयारही केला.

त्याच्या पुढच्या सकाळी मी पिंजऱ्यापाशी गेलो. ससा बसला होता. घासाची जुडी पुढे होती. त्याने पुढचे पाय टेकले, अंग ओढलं, आणि मागचे पाय तसेच फरशीवर घसरत मागून आले.

मी धावतच सुटलो. कॉरिडॉरमध्ये लांबून मॅडम दिसल्या, तिथूनच ओरडलो, “मॅडम, पाय गेले! मॅडम, पाय गेले!”

मॅडम जागच्या जागी उभ्या राहिल्या. ऑफिसातून दोघं जण व्हीलचेअर घेऊन धावत आले आणि मॅडमना बसवायला लागले. मॅडमनी त्यांना शांतपणे परत पाठवलं आणि माझ्याबरोबर पिंजऱ्यापाशी आल्या. मी भराभरा बोलत होतो, की चेतापेशी लगेच मरत नाहीत, रक्त परत मिळालं तरी त्यांना लागलेला धक्का आत काम करत राहतो, दोन दिवस त्या नोकरी करतात आणि मग बसतात, हे आपण आता प्रत्यक्ष बघितलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “आनंद झालाय तुम्हाला. होऊ द्या. पण आधी त्याचा घास जवळ सरकवा.”

मी सरकवला. मग बराच वेळ काही बोललो नाही. आमच्या डिपार्टमेंटमध्ये हे दुर्मीळ मानलं जातं, म्हणून किस्सा लक्षात राहिला.

*

आता बनियन.

आधारपेशींमध्ये एक जात असते, तिचा आकार चांदणीसारखा असतो. म्हणून तिला तारकापेशी म्हणतात. रक्त तुटलं की या तारका फुगतात, त्यांचे हात जाड होतात, त्या एकमेकींत गुंतत जातात. त्यांना एक खास रंग लावला आणि अंधाऱ्या खोलीत खास निळ्या उजेडाच्या मायक्रोस्कोपखाली बघितल्या, की हिरव्यागार चमकतात. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर दृश्य आहे. बायकोने हे वाक्य एकदा ऐकलेलं आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आमच्या त्या अंधाऱ्या खोलीला खिडकी नाही. तिला आणि ऑपरेशन थिएटरला मिळून एकच एसी होता, पण तो एप्रिलमध्ये गेला आणि धुळ्यात मे आला. ज्यांनी धुळ्याचा मे बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मी दार आतून लावायचो, शर्ट खुंटीला टांगायचो आणि बनियनवर काम करायचो. पांढरा, सुती, दोन बाजूंनी विरलेला.

त्याच दिवसांत पुण्याहून एक तज्ज्ञ आले. मज्जारज्जूतल्या पेशींवर त्यांचं आयुष्य गेलेलं. मॅडम म्हणाल्या, “यांना तुमची सगळ्यात चांगली स्लाइड दाखवा.”

माझ्याकडे एक होती. तिच्यात एक तारका अशी सापडली होती की बाकीच्या तिच्यापुढे पोरी वाटाव्यात. लांबलचक, पिळदार, झगझगीत. रक्त तुटल्यावर आधारपेशी किती टोकाला जाऊ शकते, याचा तो पुरावाच होता. मी तिचा फोटो माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर लावला होता.

सर मायक्रोस्कोपवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

“फारच सुंदर,” ते म्हणाले. “असं मी पूर्वी बघितलेलं नाही.”

मी मॅडमकडे बघितलं.

“फक्त, ही पेशी नाही,” सर म्हणाले. “हा कापसाचा तंतू आहे. कापूस या उजेडात असाच चमकतो.”

मी म्हटलं, “सर, खानदेशात सगळीकडे कापूसच असतो, हवेतून आला असेल.”

मग मॅडम वाकल्या. त्यांनी बघितलं. सरळ झाल्या, माझ्या कॉलरच्या आत जे काही दिसत होतं तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हवेतून नाही. हा तुमचा बनियन आहे.”

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “रक्तपुरवठा तुटूनही याची तब्येत चांगली आहे,” ते म्हणाले.

तो फोटो महाजनने मोठा करून डिपार्टमेंटच्या बोर्डावर लावला. अजून आहे. फर्स्ट इयरची मुलं त्यासमोर उभी राहून सेल्फी काढतात आणि मला विचारतात, “सर, हा कुठला भाग?”

*

पुढच्या किस्स्यात माझी कीर्ती सासुरवाडीपर्यंत पोचली आणि तिथून पायीच परत आली.

ससे लुळे पडतात हे सिद्ध झालं. आता त्यांना वाचवायचं. महाजनच्या सल्ल्याने एक औषध घेतलं. अर्ध्या सशांना औषध न देता प्रयोग केला, मग एसीच्या दुरुस्तीत आणि परीक्षांच्या गडबडीत काही महिने गेले, आणि मग उरलेल्या सशांना औषध देऊन प्रयोग केला.

औषध मिळालेले ससे उड्या मारत होते. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने. स्लाइड बघितल्या तर चेतापेशी जागच्या जागी, आधारपेशीही फार फुगलेल्या नाहीत. मी मॅडमना दाखवायच्या आधी बायकोला दाखवलं. बायकोने आबांना फोन केला. आबांनी गावात पेढे वाटले आणि सांगितलं, “आमना जवाईनी औषध शोधं.”

रविवारी माझ्या धुळ्याच्या घरासमोर एक जीप उभी राहिली. त्यातून आबांच्या गावची आठ-दहा माणसं उतरली. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, एका आजींचा हात. एक जण धडधाकट होता. तो म्हणाला, मी नुसता बघायला आलो. बायकोने सगळ्यांना पोहे केले. मी सगळ्यांना समजावलं की हे औषध सध्या सशांसाठी आहे. आजी म्हणाल्या, “सशाले लागू पडनं तं माले का नही पडाव?”

सोमवारी मी महाजनला सगळे आकडे दिले. तो भरीत खाता खाता बघत होता. मग त्याने खाणं थांबवलं.

“बिनऔषधाचे ससे कधी केलेस?” त्याने विचारलं.

“मेमध्ये.”

“एसी बंद होता तेव्हा?”

“हो.”

“आणि औषधाचे?”

“आत्ता. डिसेंबरमध्ये.”

महाजन माझ्याकडे बघत राहिला. मलाही हळूहळू समजायला लागलं. शरीर थंड असलं की पेशींची भूक कमी होते, रक्त तुटलं तरी त्या जास्त वेळ तगतात. हे मला माहीत होतं. मी ते दर वर्षी वर्गात शिकवतो. आणि डिसेंबरात आमचं ऑपरेशन थिएटर इतकं गार असतं की मी स्वेटरवर गाउन घालतो.

“तुझं औषध चांगलं आहे,” महाजन म्हणाला. “फक्त ते डिसेंबरातच लागू पडतं. मेमध्ये त्याचं काय होतं ते बघ.”

मेमध्ये बघितलं. काही होत नव्हतं. आबांना फोन मी स्वतः केला. ते शांतपणे म्हणाले, “पेढा तं लोकेसनी खाई लिना.”

*

इथपर्यंतचे किस्से हसण्याचे आहेत. पुढचाही आम्ही हसत सांगतो, पण तो घडत होता तेव्हा कुणी हसत नव्हतं.

माझे मामा भुसावळला असतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. रेल्वेत ड्रायव्हर होते, निवृत्त झाले. वडील लवकर गेल्यामुळे मी त्यांच्याच रेल्वे क्वार्टरमध्ये राहून शिकलो. नाना मला बापू म्हणतात, आणि रागावले की डॉक्टर म्हणतात.

नानांच्या पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी तरी केली आणि त्यात मुख्य रक्तवाहिनी फुगलेली निघाली. छातीपासून पोटापर्यंत. कधीही फुटली असती. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन ठरलं. तिथल्या सर्जननी आधीच सांगितलं, “ऑपरेशनच्या वेळी काही काळ मज्जारज्जूचं रक्त कमी होईल. पायांना धोका असतो.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला हे ज्या तऱ्हेने माहीत होतं ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. नाना शुद्धीवर आले, त्यांनी पाय हलवून दाखवले. मामींनी आयसीयूच्या काचेबाहेरून हात जोडले. नातेवाइकांनी एकमेकांना फोन केले. मी एकटाच गप्प होतो. मामी म्हणाल्या, “बापू, तू का रे असा? पाय हलताहेत ना.”

मी म्हटलं, “हो मामी, हलताहेत.”

तिसऱ्या सकाळी नानांचं ब्लडप्रेशर थोडं उतरलं आणि पाय हलेनासे झाले.

तिथले डॉक्टर झटपट कामाला लागले. ब्लडप्रेशर वर चढवलं, पाठीत बारीक नळी घालून मज्जारज्जूभोवतालचं पाणी काढलं, म्हणजे दाब कमी होऊन रक्त आत शिरावं. करायला हवं होतं ते सगळं त्यांनी केलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. तिथं जे चाललं होतं त्यातल्या प्रत्येक पेशीचं नाव मला येत होतं, आणि माझ्याजोगं काम एकच होतं, वाटेतून बाजूला होणं.

संध्याकाळी मला आत सोडलं. नाना पूर्ण शुद्धीवर होते. म्हणाले, “बापू, इथले डॉक्टर घाईत असतात. तू सांग. माझ्या आत काय चाललंय?”

मी सांगितलं. काही पेशी बहुतेक गेल्या असतील, काही नुसत्या गप्प बसल्या असतील. आजूबाजूच्या आधारपेशी फुगल्या असतील, मेलेल्या पेशींतून सांडलेलं विष टिपून घेत असतील.

नाना छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, “मला एवढंच सांग. पुढे रूळ उखडलाय, की सिग्नल लाल आहे?”

“म्हणजे?”

“रूळ उखडला असेल तर गाडी जाणार नाही. सिग्नल लाल असेल तर मी थांबतो. थांबायची मला सवय आहे.”

मी खरं तेच सांगितलं. “नाना, ते मलाही माहीत नाही.”

“मग इतकी वर्षं काय केलंस, डॉक्टर?”

“सशांवर काम केलं.”

“मग त्यांना विचार,” नाना म्हणाले आणि डोळे मिटले.

बाहेर येऊन मी मॅडमना फोन केला. विचारलं, “मॅडम, मी आता काय वाचू?” मॅडम म्हणाल्या, “काही वाचू नका. त्यांच्याजवळ बसा.”

*

नाना भुसावळला घरी आले ते खाटेवर. फिजिओथेरपिस्ट रोज यायची. मी धुळ्याला परतलो, आणि मामींचा फोन सुरू झाला. रोज सकाळी, मी आंघोळीला जायच्या बेतात असताना.

“बापू, आज त्या पेशी काय करताहेत?”

मामींना मी हॉस्पिटलात आधारपेशींबद्दल सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं. चेतापेशींवर त्यांचा राग होता, ऐन वेळी बसल्या म्हणून. आधारपेशींवर त्यांचा जीव होता. मला खोटं बोलवत नव्हतं आणि ‘माहीत नाही’ असं रोज म्हणवत नव्हतं. म्हणून सशांच्या स्लाइडमध्ये त्या त्या आठवड्यात जे दिसलं होतं, ते मी सांगायचो.

“मामी, सध्या बारक्या पेशी जमल्या असतील. मेलेलं उचलताहेत.”

“झाडलोट. बरं.”

पुढच्या आठवड्यात, “अजून झाडलोटच?”

“थोडी राहिली असेल.”

मग एक दिवस मी सांगितलं, “मामी, आता तारकापेशी भिंत बांधतात. जखमेच्या कडेने.”

“भिंत कशाला?”

“नुकसान पुढे पसरू नये म्हणून. पण तिचा एक तोटा असतो. पलीकडून नवीन धागे यायचे असले तर तेही अडतात.”

“अरे, मग त्यांना दार ठेवायला सांग,” मामी म्हणाल्या.

मी म्हटलं, “मामी, माझं कोण ऐकतंय.”

“तू नीट सांगत नाहीस,” मामी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

*

माझा व्हायव्हा झाला तेव्हा नाना वॉकर धरून खाटेपासून ओट्यापर्यंत यायला लागले होते. सगळे जण असे परत येत नाहीत, हे मी इथं सांगितलं पाहिजे. काहींचा रूळ खरोखर उखडलेला असतो. नानांचा तसा नव्हता. त्यात माझा काही वाटा नाही, हे मी नाना सोडून सगळ्यांना सांगतो, कारण नानांना ते आधीपासून माहीत आहे.

तर व्हायव्हा. बाहेरून आलेले परीक्षक बसलेले, बोरसे मॅडम बसलेल्या, मागे महाजन आणि विद्यार्थी. माझं सगळं नीट चाललं होतं. बनियनचा फोटो मी स्लाइड शोमधून स्वतः तपासून काढला होता. शेवटी परीक्षकांनी विचारलं, “इतक्या कामानंतर तुमचं मत सांगा. रक्तपुरवठा तुटल्यावर या आधारपेशी चेतापेशींच्या मित्र असतात की शत्रू?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रबंधात होतं. दीड पान होतं. त्यातलं एक वाक्य मला त्या क्षणी आठवेना. तोंडातून निघून गेलं, “सर, त्या भिंत बांधतात. आपण त्यांना दार ठेवायला सांगायला पाहिजे.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “हे फार चांगलं म्हटलंत,” ते म्हणाले. “कुणाचं आहे? संदर्भ?”

मी घाबरून खरं सांगितलं. “मामी, सर. भुसावळ.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. महाजन खुर्चीखाली काहीतरी पडल्यासारखा वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. परीक्षक मात्र गंभीर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, “त्या कुठल्या विभागात असतात?”

*

आता शेवटचा. काळाच्या क्रमाने हा व्हायव्हाच्या बराच आधीचा, नाना अजून खाटेवर होते तेव्हाचा. पण आमच्याकडे तो नेहमी शेवटी सांगतात, आणि मला बोलू न देता सांगतात.

त्या दिवसांत नानांचे पाय मधूनच आपोआप उडायचे. गुडघा एकदम वर यायचा, पोटरी थरथरायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मामींनी आळीत सगळ्यांना सांगितलं की पाय आले. मला फोनवर त्यांना समजवावं लागलं की मामी, हे खरं हलणं नाही. मेंदूचा हुकूम खाली पोचत नाही, म्हणून खालचा मज्जारज्जू एकटाच काहीतरी करतो. त्याला रिफ्लेक्स म्हणतात. मामींचा आवाज उतरला. त्यानंतर मी ठरवलं की या घरात कुणाला खोटी आशा लागू द्यायची नाही. ती माझी जबाबदारी.

रविवारी मी आणि महाजन भुसावळला गेलो. महाजन जळगावहून आला होता, येताना भरीत आणलं होतं. आबाही शिंदखेड्याहून नानांना बघायला आले होते. मामी चहा करत होत्या. नाना उशीला टेकून बसलेले, पायावर चादर.

मी चादर नीट करायला गेलो आणि मला दिसलं की नानांच्या उजव्या पायाचा अंगठा हलतोय. वर, खाली. वर, खाली. आबांनीही बघितलं. “अंगठा हालस ना,” ते म्हणाले. मामी चहाचं भांडं हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला वाटलं, आत्ताच थांबवायला पाहिजे.

“मामी, आधी बसा,” मी म्हटलं. “आबा, तुम्हीही ऐका. हे बघून आनंद होतो, मला कळतं. पण हे रिफ्लेक्स आहे.”

मी चादर बाजूला केली आणि सगळ्यांना अंगठा दिसेल असा उभा राहिलो. अंगठा हलतच होता. मी पेन काढून दाखवायला लागलो. मज्जारज्जूचा वरचा भाग कुठे, खालचा कुठे, मध्ये रक्त कुठे तुटलं. चेतापेशी कशा गेल्या, ज्या उरल्या त्या वरच्या ताब्यातून सुटल्यावर कशा स्वतःच्या मनाने पेटतात. आधारपेशी त्यांना का आवरू शकत नाहीत. मी अंगठ्याकडे पेन करून म्हटलं, “हे बघा, किती एकसारखं चाललंय. माणूस मुद्दाम हलवतो तेव्हा असं होत नाही. यात नानांची इच्छा कुठेच नाही. नानांना तर हे कळतही नसेल.”

महाजन माझ्या मागे एकदा खोकला. मी लक्ष दिलं नाही. माझं समजावणं अजून राहिलं होतं. अशा वेळी घरच्यांनी काय करावं, आशा कशी ठेवावी आणि किती ठेवावी, यावरही मी थोडं बोललो. मामी डोळे पुसत होत्या. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. अंगठा वर, खाली, वर, खाली.

माझं बोलणं संपलं.

नाना इतका वेळ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते म्हणाले, “झालं का डॉक्टर तुझं सांगून? मग थांबवू का आता? दमलोय रे.”